चांदण्यांचा तक्ता आणि चिंचोक्यांचा डाव

लातूर

चि. भाचीबाई,

तुझं पत्र पोचलं. देवणीच्या शाळेत रुजू झाल्या झाल्या वर्गात खेळ सुरू केलेस, हे वाचून बरं वाटलं. भिंतीवर चांदण्यांचा तक्ता, बरोबर उत्तराला दहा गुण, दर आठवड्याला एक विजेता. आणि आता विचारतेस, सुरुवातीला उड्या मारणारी लेकरं "बाई, चांदणी देणार असाल तरच गणित करतो" असं का म्हणायला लागली?

हे तुझ्याच वर्गात झालं असं समजू नकोस. १९७३ साली अमेरिकेत लेपर, ग्रीन आणि निस्बेट या मानसशास्त्रज्ञांनी चित्रकलेची मुळातच आवड असलेली बालवाडीतली मुलं निवडली. काहींना आधीच सांगितलं, चित्र काढा, सोनेरी शिक्क्याचं प्रशस्तिपत्र मिळेल. काहींना ते न सांगता नंतर दिलं, काहींना दिलंच नाही. पुढे आठवडा-दोन आठवड्यांनी, बक्षिसाचं नावही नसताना, रंग पुन्हा समोर ठेवले. आधी कबूल करून बक्षीस दिलेली मुलं इतरांच्या निम्माच वेळ चित्रांपाशी रमली. आवडीचं काम मजुरीचं झालं की असं होतं.

तेव्हा खेळ निवडताना एकच कसोटी लाव. गणित केल्याशिवाय खेळ पुढे सरकतच नसेल, तर तो खेळ कामाचा. गणित आधी आणि चांदणी नंतर, असं असेल तर ती नुसती बेगड.

उदाहरणार्थ, चल्लस-आठ हा चिंचोक्यांचा खेळ घे. चार चिंचोके एका बाजूने फरशीवर घासून पांढरे करायचे. टाकल्यावर जितके पांढरे वर, तितकं दान. चारही काळे पडले तर आठ. हे दान दोनदा टाकायला लाव आणि दोन्हींचा गुणाकार करून शंभरच्या पटावर सोंगटी चालवायला सांग. आठ आणि तीन पडले की चोवीस घरं. चुकलं तर समोरचा गडी लगेच धरतो, तुला लाल पेन काढावं लागत नाही. सातचा पाढा हवा म्हणून सात चिंचोके घेशील, तर तीन आणि चारच जास्त पडतात. सातही पांढरे सरासरी सव्वाशेएक फेकींत एकदा. असं का, हे पाचवी-सहावीच्या पोरांना फळ्यावर नोंद ठेवून शोधू दे. पाढ्यांसाठी मात्र सरळ चिठ्ठ्या काढ.

दुसरा खेळ तुझ्या गावातच आहे. देवणीचा बैलबाजार त्या लेकरांना तुझ्या-माझ्याहून जास्त कळतो. पांढरा तो बालंक्या, तोंडाच्या बाजूला काळा तो वानेरा, अंगभर काळे ठिपके तो शेवरा, हे दुसरीतलं पोरगंही सांगेल. बाजारात रुमालाखाली बोटं धरून सौदा होतो, तोच वर्गात आण. दोघांनी रुमालाखाली हात घालायचे. पहिल्यांदा धरलेली बोटं हजारांची, मग शेकड्यांची, मग दहांची. तोंडातून शब्द काढायचा नाही. नंतर दोघांनी आपापल्या पाटीवर किंमत लिहायची. जुळली तर सौदा पक्का. तीच तीन बोटं कधी तीन हजार, कधी तीस. स्थानिक किंमत याहून सोपी मला तरी शिकवता आली नाही. शिवाय यात एकटा कुणी जिंकत नाही, जोडी जिंकते. सीमेवरचं गाव आहे. ज्याच्या घरी कन्नड, दखनी किंवा लमाणी बोलतात तो मराठीत अडखळतो, पण बोटं धरताना अडखळत नाही.

"चुकला तो बाद" असले खेळ मात्र टाळ. पहिल्यांदा बाद होतं ते कच्चं लेकरू, आणि सरावाची खरी गरज त्यालाच असते. भिंतीवरचा तक्ताही उतरव. आईबापाबरोबर ऊसतोडीला गेलेलं पोर चार महिन्यांनी परत येतं, तेव्हा त्याच्या नावापुढची कोरी ओळ सगळा वर्ग वाचतो. मोबाइलवरची प्रश्नमंजूषा उजळणीला ठीक, पण तिथे घाईला गुण मिळतात. विचार करणारं पोर मागे पडतं.

साहित्यासाठी पैसे नाहीत, असंही लिहिलंस. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ पासून बोर्डीला आणि पुढे कोसबाडला आदिवासी मुलांची बालवाडी चालवली, ती शंख-शिंपले, बिया आणि पानांवर. माँटेसरीचं महाग साहित्य तिथे परवडणारं नव्हतं. तुझ्या शाळेजवळ चिंचेचं झाड असेलच.

आणि रोज खेळ नको. खेळ झाला की पाच मिनिटं पाट्या घेऊन बसव आणि काय केलं ते लिहायला लाव. नाही तर गोंधळ तेवढा लक्षात राहतो आणि गणित विसरलं जातं. काही दिवस ऐकावं लागेल, "बाई, चांदणी?" तेव्हा विरघळू नकोस. मधल्या सुट्टीत कुणी आपणहून चिंचोके मागायला आलं तर कोण आलं ते मला कळव. त्यातही एखादं कच्चं लेकरू असेल, तर तेच नाव आधी लिही.

तुझा,
मामा