ध्येय, कृती आणि सम्यक व्यायाम

दरवर्षी १४ एप्रिलच्या सायंकाळी माहुलच्या वस्तीत मंच उभा राहतो. निळे झेंडे लागतात, बुद्धवंदना होते आणि मग लहान मुले ध्वनिक्षेपकासमोर येऊन सांगतात, "मी कलेक्टर होणार", "मी डॉक्टर होणार". टाळ्यांचा कडकडाट होतो. आयांचे डोळे पाणावतात. आम्ही शिक्षकही त्या टाळ्यांत मनापासून सामील होतो. परंतु जुलै महिना उजाडतो, वह्या तपासावयास येतात, आणि एप्रिलमध्ये मंचावर गर्जना करणाऱ्यांपैकी कित्येकांच्या वह्यांची पाने कोरी आढळतात.

या मुलांची इच्छा खोटी होती काय? मुळीच नाही. तिला दिनक्रम लाभला नव्हता, इतकेच. अध्यापनाच्या इतक्या वर्षांनंतर आम्हास एक कबुली द्यावीशी वाटते. आम्ही मुलांना स्वप्ने पुष्कळ दिली. उद्या सकाळी उठून नेमके काय करावयाचे, हे मात्र क्वचितच शिकविले. दहावीत गणितात नापास झालेला एक विद्यार्थी शाळा सोडताना म्हणाला होता, "सर, बाबासाहेबांसारखं होणं आपल्याला जमणार नाही." ते वाक्य आजही आम्हास बोचते. आम्ही त्याला बाबासाहेबांचे शिखर दाखविले, वाट दाखविली नाही. प्रस्तुत लेखात त्या वाटेचाच अभ्यास करावयाचा आहे.

एका विद्यार्थ्याची सहा वर्षे

बाबासाहेबांच्या पदव्यांची यादी आपणा सर्वांस मुखोद्गत आहे. पण १९१७ ते १९२३ हा कालखंड विद्यार्थ्यांनी बारकाईने पाहावा. कोलंबिया विद्यापीठातील शिक्षणानंतर १९१६ मध्ये ते लंडनला गेले. तेथे लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये अर्थशास्त्राचे आणि ग्रेज इनमध्ये कायद्याचे शिक्षण सुरू झाले. इतक्यात बडोदे संस्थानाच्या शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि १९१७ मध्ये अभ्यास अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पहिले महायुद्ध चालू होते. त्यांचे सामान ज्या बोटीने येत होते ती बुडविली गेली. बडोद्यात नोकरी मिळाली. परंतु अस्पृश्य म्हणून राहावयास जागा मिळेना, आणि अपमान सोसून त्यांना मुंबई गाठावी लागली.

सव्वीस वर्षांच्या या तरुणाची प्रेरणा तेथेच विझली असती तर कोणी दोष दिला असता? पण परतण्यापूर्वीच त्यांनी एक साधी गोष्ट केली होती. चार वर्षांच्या आत येऊन अभ्यास पुढे सुरू करण्याची परवानगी त्यांनी लंडन विद्यापीठाकडून मिळविली होती. म्हणजे ध्येयाला मुदत बांधली गेली होती. पुढे नोव्हेंबर १९१८ मध्ये ते सिडनहॅम महाविद्यालयात प्राध्यापक झाले. पगारातून घर चालवायचे आणि लंडनसाठी शिल्लकही टाकायची, असा क्रम सुरू झाला. परळच्या चाळीत रमाईंनी काटकसरीने संसार रेटला. त्या शिल्लकीत राजर्षी शाहू महाराजांचे साहाय्य आणि नवल भथेना या पारशी मित्राकडून घेतलेले कर्ज यांची भर पडली, आणि १९२० मध्ये ते पुन्हा लंडनला गेले.

१९२१ मध्ये एम.एस्सी. झाली. १९२२ मध्ये बॅरिस्टरीची सनद मिळाली. रुपयाच्या प्रश्नावरील प्रबंध मात्र परीक्षकांनी १९२३ मध्ये फेरफारासाठी परत पाठविला. बाबासाहेबांनी मुंबईत बसून तो पुन्हा लिहिला, पुन्हा पाठविला, आणि त्याच वर्षी डी.एस्सी. पदवी संपादन केली. गणिताचा पेपर परत आलेल्या प्रत्येक मुलाने हे ध्यानी ठेवावे की बाबासाहेबांचाही प्रबंध एकदा परत आला होता.

वीणेची तार

प्रयत्न किती करावा, याविषयी बौद्ध वाङ्मयात सोण नावाच्या भिक्खूची कथा येते. श्रीमंताघरचा हा तरुण राजगृहाजवळच्या शीतवनात अतिशय कठोर साधना करीत होता. चालून चालून पावले रक्तबंबाळ झाली, तरी फळ दिसेना. तेव्हा घरी परत जावे असे त्याला वाटू लागले. तो पूर्वी वीणा वाजवीत असे. तथागतांनी त्याला विचारले की तारा फार ताणल्या किंवा फार सैल सोडल्या तर वीणा नीट वाजते काय? सोणाला उत्तर ठाऊक होते. त्याने घर गाठले नाही. प्रयत्नाचा ताण तेवढा सम केला.

आमची मुले नेमकी येथेच चुकतात. परीक्षेच्या आदल्या आठवड्यात रात्र रात्र जागतात, इतर वेळी पुस्तक उघडत नाहीत. तार आधी सैल, मग एकदम ताणलेली.

चार प्रयत्न

अष्टांगिक मार्गातील सम्यक व्यायामाचे चार भाग सांगितले आहेत. विद्यार्थ्याच्या जीवनास ते असे लागू पडतात :

१. न जडलेली वाईट सवय जडू न देणे. अभ्यासाच्या वेळी मोबाईल दुसऱ्याच्या हाती सोपवावा.

२. जडलेली सवय सोडणे. एका वेळी एकच निवडावी. सर्व दुर्गुण एका रात्रीत टाकण्याची शपथ टिकत नाही.

३. नसलेली चांगली सवय लावणे. ती इतकी लहान असावी की तापाच्या दिवशीही पार पडेल. जसे रोज दोन गणिते, एक पान वाचन.

४. लागलेली सवय राखणे. एक दिवस चुकला तर खंत करीत बसू नये, दुसरा दिवस चुकू देऊ नये.

वसतिगृहात सायंवंदनेनंतर आम्ही मुलांकडून वहीत एकच ओळ लिहून घेऊ लागलो : "आज मी काय केले?" "मी काय होणार?" हा प्रश्न त्या वहीत नाही. आरंभी मुले हसली. पुढे काहींनी ती वही सुटीतही घरी नेली.

परिस्थितीचे काय?

येथे एक सावधगिरी बाळगली पाहिजे. माहुल हे मुळात खाडीकाठचे कोळ्यांचे गाव. १९५०च्या दशकात शेजारी तेलशुद्धीकरण कारखाने आले. पुढे प्रकल्पग्रस्तांच्या इमारती उभ्या राहिल्या आणि २०१७ पासून तानसा जलवाहिनीलगतची घरे तोडली गेलेली अनेक कुटुंबे येथे पाठविण्यात आली. येथील हवेमुळे आरोग्यास धोका आहे, हे राष्ट्रीय हरित लवादाने २०१५ मध्येच मान्य केले होते. अशा ठिकाणी खोकणाऱ्या मुलाला "मन लावून अभ्यास कर" एवढेच सांगणे हा उपदेश नव्हे, अन्याय होय.

परंतु याच माहुलकरांनी कृतीचा धडाही दिला. २०१८ मध्ये त्यांनी विद्याविहारला पदपथावर ठिय्या दिला. घरकाम, मजुरी सांभाळून स्त्रिया तेथे बसत राहिल्या, कागदपत्रे जमवीत राहिल्या. प्रकरण उच्च न्यायालयात लढविले गेले, आणि २०१९ मध्ये या कुटुंबांना अन्यत्र राहण्यासाठी दरमहा १५,००० रुपये भाडे देण्याचा आदेश झाला. सर्व प्रश्न सुटले असे नव्हे. तथापि व्यक्तीचा दिनक्रम आणि समूहाचा संघर्ष या दोन वेगळ्या वाटा नाहीत, हे त्यातून दिसले. बाबासाहेबांनाही रमाई, शाहू महाराज आणि भथेना यांची साथ लागली होती. एकट्याच्या जिद्दीची कथा सांगताना ही नावे गाळणे म्हणजे इतिहास अर्धवट सांगणे होय.

म्हणून माजी विद्यार्थ्यांना आमची विनंती आहे की देणगीबरोबर महिन्यातून एक रविवार द्यावा आणि एका मुलाची वही पाहावी. पालकांनी "किती गुण मिळाले?" याआधी "आज काय केलेस?" असे विचारावे.

स्वाध्याय

१. आपले ध्येय एका वाक्यात लिहा व त्यापुढे मुदत लिहा.

२. त्यासाठी उद्या सकाळी करावयाची एक कृती लिहा.

३. या वाटेवर आपण कोणाची मदत मागणार आहात? त्या व्यक्तीस या आठवड्यात भेटा.

तो दहावीतला विद्यार्थी हा लेख वाचत असेल, तर त्याने कळवावे. गणिताचे पुस्तक आम्ही अद्याप मिटलेले नाही.

नमो बुद्धाय! जय भीम!