एकांत आणि एकटेपणा

दौंडची मुले रेल्वेने आणि शिरूरची एस.टी.ने पुण्याला जातात. स्पर्धा परीक्षेसाठी कॉट बेसिसवर जागा, मेसचा डबा आणि अभ्यासिकेतली एक खुर्ची एवढेच त्यांचे विश्व होते. पहिला प्रयत्न फसला की घरचा फोन लांबतो. दुसरा फसला की जयंतीलाही गावी येणे टळते. कारण उघड आहे. समाजबांधव भेटताच तब्येत विचारत नाहीत, “झालं का सिलेक्शन?” एवढेच विचारतात.

मोठे ध्येय म्हटले की एकटे पडणे आलेच, असा आपल्याकडे समज आहे. त्याला दाखला दिला जातो तो परमपूज्य बाबासाहेबांचा. विहारातल्या तसबिरीत ते ग्रंथांसह एकटेच दिसतात हे खरे. परंतु चरित्र नीट वाचले तर निराळे दिसते.

१९१३ साली बडोदा संस्थानच्या शिष्यवृत्तीवर ते न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. तेथे वसतिगृहात नवल भथेना या पारशी तरुणाशी त्यांची मैत्री जुळली, ती जन्मभर टिकली. १९१७ मध्ये शिष्यवृत्तीची मुदत संपली आणि लंडनचे शिक्षण अर्धवट टाकून त्यांना परतावे लागले. पुढे सिडनहॅम कॉलेजात प्राध्यापकी करून साठवलेले पैसे, शाहू महाराजांचे साहाय्य आणि याच भथेनांनी उसने दिलेले पाच हजार रुपये, एवढ्या बळावर १९२० च्या जुलैमध्ये ते पुन्हा लंडनला निघाले. तेथे दिवसभर ब्रिटिश म्युझियमचे ग्रंथालय, रात्री उपाशी पोटी वाचन. पापड भाजून खाल्ल्याची हकिकत प्रसिद्धच आहे. इकडे परळच्या चाळीत रमाई संसार ओढीत होत्या. बाबासाहेब त्यांना पत्रे लिहीत, शिवतरकर मास्तरांनाही लिहीत. १९२१ मध्ये एम.एस्सी. आणि १९२३ मध्ये डी.एस्सी. या पदव्या मिळाल्या त्या अशा दिवसांतून.

तेव्हा आमच्या मते एकांत आणि एकटेपणा या दोन गोष्टी वेगळ्या मानल्या पाहिजेत. एकांत आपण अभ्यासासाठी मागून घेतो, उठून बाहेरही येतो. एकटेपणात दार आतून लागते आणि उघडायची लाज वाटते. सुत्तनिपातातील खग्गविसाण सुत्त “एकटे विहार करा” एवढ्यासाठीच सांगितले जाते. सुज्ञ सोबती लाभला तर आनंदाने त्याच्यासोबत जावे, हेही त्याच सुत्तात आहे, ते सहसा कोणी सांगत नाही. कल्याणमित्रता म्हणजे अर्धे ब्रह्मचर्य, असे आनंद म्हणाले तेव्हा भगवंतांनी त्यांना दुरुस्त केले, की अर्धे नव्हे, संपूर्ण.

पुण्यातल्या विद्यार्थ्याने निदान एक माणूस असा ठेवावा, ज्याला खरे मार्क सांगता येतील. मग तो खोलीतला सोबती असो की गावाकडची ताई. आठवड्यातून एकदा घरी बोलावे, निकालाशिवायही बोलावे. पालकांनीही पेरणी, पाहुणे, शेजारचे लग्न असे काही सांगावे. आणि झोप उडाली, जेवण नकोसे झाले, जगणे व्यर्थ वाटू लागले, तर तो आळस नव्हे. अशा वेळी डॉक्टरकडे न्यावे. शासनाची टेलि-मानस ही सेवा २०२२ पासून सुरू आहे. १४४१६ या क्रमांकावर फोन विनाशुल्क लागतो आणि मराठीतही बोलता येते.