फेरीगणिक हिशेब

बुरूज बांधूं इच्छिणाऱ्यानें आधीं बसून खर्चाचा हिशेब करावा, हा लूककृत शुभवर्तमानांतील दाखला आमच्या विद्यार्थ्यांस ठाऊक आहे. परंतु सॉफ्टवेअर, म्हणजे संगणकाची आज्ञावली रचणाऱ्यांस असा अनुभव आला कीं, आरंभीं एकदां केलेला हिशेब पुरत नाहीं. वस्तु हातीं येऊन वापरूं लागल्यावांचून आपणांस नक्की काय हवें होतें, हें मालकासहि पुष्कळदां उमगत नाहीं. म्हणून काम लहान लहान फेऱ्यांनीं करण्याच्या रीती निघाल्या. त्यांपैकीं ‘स्क्रम’ ही रीत केन श्वेबर व जेफ सदरलंड यांनीं १९९५ सालीं मांडिली. पुढें २००१ च्या फेब्रुवारींत अमेरिकेंतील युटा राज्यांत स्नोबर्ड येथें १७ जाणत्या गृहस्थांनीं जमून अशा सर्व रीतींस ‘अजाइल’, म्हणजे चपळ, हें नांव दिलें. पुण्यामुंबईच्या कचेऱ्यांतील तरुणांच्या तोंडीं जो ‘स्प्रिंट’ शब्द ऐकूं येतो, तो या फेरीचाच वाचक होय. ती बहुधा दोन आठवड्यांची असते. महिन्याहून मोठी नसते.

आतां, एखाद्या शाळेच्या ग्रंथालयासाठीं आज्ञावली करावयाची आहे असें समजूं. ‘पुस्तक दिल्याची नोंद व्हावी’, ‘मुदत टळलेल्या पुस्तकांची यादी मिळावी’ अशी एकेक गरज एकेका पत्रावर लिहितात. तासांचा अंदाज सहसा चुकतो. म्हणून सोप्या कामास १ गुण, त्याहून अवघडांस २, ३, ५, ८ असे तुलनेनें गुण देतात. सर्व मिळून ९१ गुण झाले. मंडळींनीं पहिल्या फेरींत २० गुणांचें काम अंगावर घेतलें. पुरें झालें १३ गुणांचें. ५ गुणांचें एक पत्र ‘बहुतेक झालें’ होतें. त्याचे गुण शून्य! हा नियम कठोर वाटेल, पण साऱ्या पद्धतीचा प्राण येथेंच आहे. ‘बहुतेक झालें’ या शब्दांनीं जितके मालक फसले, तितके उघड खोट्यानें फसले नसतील. दुसऱ्या फेरींत १३ च गुणांचें काम घ्यावयाचें. केंट बेक व मार्टिन फाउलर या नियमास ‘कालची हवा’ म्हणतात. काल जशी हवा होती तशीच आज असेल, हा अंदाज बहुधा खरा ठरतो.

रोज १५ मिनिटें मंडळी एकत्र जमतात, आणि उरलेल्या कामाची उतरती रेषा भिंतीवरील आलेखांत काढितात. रेषा उतरेना, तर तें सर्वांस दिसतें.

मात्र हे गुण चाबकासारखे वापरले कीं बिघडलें. अधिक गुण मिळवा असा तगादा लागला, म्हणजे कालचें ३ गुणांचें पत्र आज ५ गुणांचें होतें. आंकडा फुगतो, काम तेवढेंच राहतें. दोन तुकड्यांच्या गुणांची तुलनाहि व्यर्थ, कारण प्रत्येकीचें माप निराळें.

आपल्या ग्रंथालयाचे ७८ गुण उरले. १३ प्रमाणें सहा फेऱ्या, म्हणजे १२ आठवडे. शाळा उघडावयास १० च आठवडे असतील, तर ६५ गुण पुरे होतील. उरलेल्या १३ गुणांचीं कोणतीं पत्रें मागें ठेवावयाचीं, तें ग्रंथपालांनीं आजच सांगावयाचें.