सातबाऱ्यावरचा गळालेला कंस

आमच्या आत्याने वडिलांच्या हयातीतच नोंदणीकृत हक्कसोडपत्र करून दिलं होतं. त्याचा फेरफार मंजूर झाला आणि हस्तलिखित सातबाऱ्यावर तिच्या नावाला कंस झाला. महसुली दप्तरात नाव खोडत नाहीत, कंस करतात; कंस म्हणजे त्या नावाचा हक्क संपला. उतारे संगणकावर चढवताना नाव चढलं, कंस राहून गेला. तेवढ्याने आत्या पुन्हा आमच्या गटाची हिस्सेदार झाली. तोवर ती वारलीही होती.

पीककर्जाच्या नूतनीकरणाला गेलो, तर बँकेने तिच्या वारसांची संमती मागितली. तिची मुलं सुरतेला आणि नागपूरला. जुना हस्तलिखित उतारा पुढे केला, तर ‘ऑनलाइन दिसतं तेच आम्ही धरतो’ असं सांगण्यात आलं. बँकेला तरी दोष कसा द्यायचा? महाराष्ट्र जमीन महसूल संहिता, 1966 च्या कलम 157 प्रमाणे अधिकार अभिलेखातली नोंद, ती चुकीची ठरेपर्यंत खरीच मानली जाते. चूक कुणाच्याही हातून होवो, ती शाबीत करण्याचा भार खातेदारावर येतो.

त्यात आत्याच्या नावापुढे क्षेत्रही पडलेलं. खातेदारांच्या क्षेत्राची बेरीज गटाच्या एकूण क्षेत्राशी जुळेना आणि अशा विसंगत उताऱ्यावर डिजिटल स्वाक्षरी होत नाही. ज्या शेजाऱ्याने आमच्या गटात थोडी जमीन विकत घेतली होती, त्याचाही उतारा आमच्यापायी अडकला.

डिजिटल स्वाक्षरीचा सातबारा 1 मे 2018 पासून मिळू लागला. पंधरा रुपयांत, घरबसल्या. ज्यांनी उताऱ्यासाठी तलाठ्याची वाट पाहत दिवस काढलेत, त्यांना ही सोय केवढी मोठी आहे ते वेगळं सांगायला नको. मी या व्यवस्थेच्या बाजूचाच आहे. पण पूर्वी चूक तलाठ्याच्या दप्तरात पडून राहायची. आता तोच अभिलेख कर्जाला लागतो, पीकविम्याला लागतो, पीएम-किसानला लागतो, ई-पीक पाहणीही त्याच गटावर होते. एका ठिकाणी चुकलं की सगळ्या खिडक्यांवर एकच उत्तर मिळतं, आणि ज्या खिडकीवर आपण उभे असतो तिथे ते दुरुस्त होत नाही. म्हणून बँकेत किंवा कृषी कार्यालयात वाद घालण्यात वेळ घालवू नका. मूळ नोंद तहसीलची. दुरुस्तीही तिथूनच व्हायची.

लेखनप्रमादाची दुरुस्ती संहितेच्या कलम 155 खाली होते. अर्ज तहसीलदारांकडे करायचा. त्याला संगणकीकरणाआधीच्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि मूळ फेरफाराची प्रमाणित नक्कल जोडायची. नक्कल तहसीलच्या अभिलेख कक्षातून मिळते, पण फेरफार क्रमांक ठाऊक नसेल तर शोधाशोधीत जीव जातो. आमचं काम मार्गी लागलं ते आईने ट्रंकेत जपलेल्या जुन्या उताऱ्यामुळे; त्यावर क्रमांक स्पष्ट होता. जुने उतारे, खातेपुस्तिका, खरेदीखतं कधीही रद्दीत टाकू नका. अर्जाची पोच घ्या, तीवर आवक क्रमांक घालून घ्या. तलाठ्याचा (आता पदनाम ग्राम महसूल अधिकारी) अहवाल गेला का, ते विचारत राहा. तहसीलदारांचा आदेश हातात पडला म्हणजे काम झालं असं नाही. त्या आदेशाचा फेरफार धरला गेला पाहिजे, मंडळ अधिकाऱ्यांनी तो प्रमाणित केला पाहिजे, आणि मग नवा उतारा काढून तो स्वतः बँकेत नेऊन दिला पाहिजे. मात्र हक्काबद्दलच वाद असेल तर कलम 155 चा उपयोग नाही. तिथे प्रांताधिकाऱ्यांकडे अपील किंवा दिवाणी न्यायालयात दावा करावा लागतो.

2017 साली गावोगाव चावडी वाचन झालं, संगणकावरचे उतारे लोकांपुढे वाचून दाखवले गेले. आमच्याकडेही झालं. आत्याचं नाव ऐकून कुणालाच खटकलं नाही, कारण गावाच्या लेखी ती आमच्या घरातलीच. लक्षात घ्या, अनोळखी नाव कानाला लगेच टोचतं. ओळखीचं, पण जायला हवं होतं ते नाव निसटून जातं. उतारा तपासताना प्रत्येक नाव कोणत्या फेरफाराने आलं, हे बोट ठेवून पाहा. क्षेत्राची बेरीज करा, इतर हक्कांत फेडलेल्या कर्जाचा बोजा राहिलाय का ते बघा. तो कमी करायला आणि वारस नोंदीला ई-हक्क या ऑनलाइन प्रणालीवरून अर्ज करता येतो.

शासनाला एकच मागणं आहे. उतारा पंधरा रुपयांत घरी मिळतो, तशी दुरुस्तीची वाटही सोपी करा, आणि चावडी वाचन दरवर्षी घ्या. खातेदारांनी मात्र त्यासाठी थांबू नये. कर्जाची गरज पडण्याआधी, या हंगामाच्या आतच, आपला सातबारा आणि आठ-अ काढून घरातल्या जाणत्या माणसाला शेजारी बसवून वाचून घ्या.