यंत्रांच्या प्रदर्शनाला जाताना हिशेब बरोबर घ्या

यंत्रांचे प्रदर्शन भरले की आपले मागवाले, लेथवाले आणि छोटे कारखानदार मोठ्या संख्येने जातात. बरेच जण दिवसभर फिरून पिशवीभर माहितीपत्रके आणतात व महिन्याभरात ती रद्दीत जातात. काही बंधू उलट करतात: वेगाने चालणारा माग पाहून तेथेच बयाणा देऊन मोकळे होतात. पहिल्याचा एक दिवस वाया जातो, दुसऱ्याची अनेक वर्षांची कमाई अडकते. आम्ही कापडाच्या व्यापारातले लोक. म्हणून मागाच्या उदाहरणावरूनच प्रदर्शन कसे पाहावे, ते सांगतो.

जवळचे प्रदर्शन का?

कापड-यंत्रांचे 'इंडिया आयटीएमई' हे मोठे प्रदर्शन २०१६ साली मुंबईत, तर २०२२ साली ग्रेटर नोएडात भरले. तेथे जगभरची यंत्रे येतात. परंतु दहा-वीस मागांच्या कारखानदाराला सुरतेचे 'सीटेक्स' अधिक जवळचे. दक्षिण गुजरातचे चेंबर ऑफ कॉमर्स ते भरवते. मालेगाव किंवा भिवंडीहून कारागिराला बरोबर नेता येते. शिवाय यंत्र बिघडल्यावर आपल्या दारात येणारा विक्रेता आणि मेकॅनिक बहुधा अशाच विभागीय प्रदर्शनात भेटतो. यंत्राइतकीच त्या माणसाची पारख महत्त्वाची.

निघण्यापूर्वी

आपण काय विणतो आणि काय विणायचे आहे, हे कागदावर लिहा. कापडाचा नमुना, रोजच्या सुताचा एक कोन, विजेचे बिल आणि शेडची मापे बरोबर घ्या. यामुळे निम्मे स्टॉल आपोआप गळतात. वॉटरजेट पॉलिएस्टरसारख्या कृत्रिम धाग्यासाठी आहे. सायझिंग केलेल्या सुती ताण्याचे ते काम नव्हे. एअरजेटला कॉम्प्रेसर लागतो आणि त्याचे वीजबिल वेगळे. रॅपियरवर अनेक जातींचे कापड निघते. पण सूत कच्चे आणि बीम सदोष असेल, तर तेथेही धागा तुटतच राहतो.

वेग नव्हे, मीटर मोजा

स्टॉलवर विक्रेता मिनिटाचा वेग सांगतो. आपण तासाचे मीटर काढावेत. वेगाला ६० ने गुणा आणि त्यातून माग प्रत्यक्ष चालण्याचे प्रमाण घ्या. मग इंचातील पिकांना ३९.३७ ने गुणून त्या आकड्याने भागा.

समजा, वेग ४०० आणि इंचाला ६० पिके आहेत. माग ८५ टक्के चालला तर तासाला सुमारे ८.६ मीटर कापड निघते. तोच माग ६५ टक्के चालला तर ६.६ मीटर. वीस तासांत फरक पडतो सुमारे ४० मीटरचा. कर्जाचा हप्ता मात्र दोन्ही वेळा तेवढाच. प्रदर्शनात यंत्रावर उत्तम सूत चढवलेले असते आणि शेजारी कंपनीचा निष्णात माणूस उभा असतो. म्हणून हिशेब आपल्या सुतावर आणि आपल्या कारागिरावर करावा.

विक्रेत्याला हे विचारा

पहिले, सुटे भाग कोणत्या गावात मिळतात आणि किती दिवसांत? दुसरे, मेकॅनिक कोठून येतो, त्याचा खर्च कोणाचा? तिसरे, आपल्या भागात हे यंत्र दोन वर्षांपासून कोणाकडे चालू आहे? तिसऱ्या प्रश्नाला जो टाळाटाळ करतो, त्याच्याकडे घाई करू नये.

अनुदानाचे बोलणेही तपासून घ्यावे. केंद्राची तंत्रज्ञान सुधारणा निधी योजना १९९९ साली सुरू झाली. तिचे सुधारित रूप ३१ मार्च २०२२ रोजी संपले. राज्याचे २०२३-२८ चे वस्त्रोद्योग धोरण आहे, पण त्याच्या अटी वस्त्रोद्योग कार्यालयातूनच समजून घ्याव्यात. अनुदान न मिळताही जो व्यवहार पेलतो, तोच करावा.

स्टॉल लावणाऱ्यांसाठी

मागाचे सुटे भाग किंवा लेथकाम करणाऱ्यांनी निव्वळ पाहुणे म्हणून का जावे? उद्यम नोंदणी असलेल्या लहान उद्योगांना स्टॉलभाड्यात सरकारी मदतीची योजना आहे. एमएसएमई कार्यालयात चौकशी करावी. नमुन्याचा माल नेताना डिलिव्हरी चलन ठेवा. परराज्यात स्टॉलवर विक्री करायची असेल तर तेथे तात्पुरत्या जीएसटी नोंदणीसाठी किमान ५ दिवस आधी अर्ज लागतो. कर-सल्लागाराला आधीच भेटावे.

परतल्यावर

आठ दिवसांच्या आत, ते यंत्र ज्याच्याकडे चालू आहे त्याच्या कारखान्यात जा. मालकाशी बोला, मग रात्रपाळीच्या कारागिराशीही बोला. धागा दिवसातून किती वेळा तुटतो, हे माहितीपत्रकात नसते. ते त्याला ठाऊक असते. शक्य असेल तर आपले सूत त्या मागावर चालवून पाहा. एवढे झाल्यावरही हिशेब जुळत असेल, तर खुशाल बयाणा द्या.