मामाचं विमान दोन तास आधी

दिवाळीच्या सुट्टीत बडोद्याला आमच्या गच्चीवर मी एक छोटा अँटेना लावला. प्रवासी विमानं १०९० मेगाहर्ट्झवर आपलं स्थान, उंची आणि २४ बिटांचा ओळखक्रमांक स्वतःच सांगत असतात. याला एडीएस-बी म्हणतात. भारतात नोंदलेल्या विमानाचा क्रमांक ८० ते ८३ ने सुरू होतो. यूएसबी रिसीव्हर हे ऐकतो आणि रास्पबेरी पाय ते एसक्यूलाइटच्या तक्त्यात लिहून ठेवतो.

पहिली चूक हावरटपणाची. विमान सेकंदाला साधारण दोनदा स्थान पाठवतं आणि मी प्रत्येक संदेश साठवत होतो. मेमरी कार्ड भरत आलं. मग एका विमानाची दर १० सेकंदांना एकच ओळ ठेवली. नकाशावर रेघ तशीच दिसते.

खरा घोटाळा पुढे झाला. मामा दिल्लीहून मुंबईला निघाला होता. मी आजीला सांगून ठेवलं, "रात्री ८ च्या सुमारास तो आपल्यावरून जाईल, उद्या दाखवतो." सकाळी पाहिलं तर त्याचं विमान ५:५७ ला बडोद्यावर! तेव्हा तर मामा दिल्ली विमानतळावर रांगेत उभा होता. आजी म्हणाली, "तुझं मशीन खुळं आहे."

खुळं नव्हतं. संध्याकाळी ६:१० ला वीज गेली, ७:२५ ला आली. माझ्या पायमध्ये घड्याळाची बॅटरी नाही. तो तासातून एकदा वेळ फाईलमध्ये लिहितो आणि इंटरनेट नसेल तर सुरू होताना तीच धरतो. शेवटची वेळ होती ५:१७. इंटरनेट आलं थेट १०:४० ला.

आता दुरुस्ती कशी करायची? वेळेनुसार लावल्या तर खऱ्या-खोट्या ओळी मिसळतात, कारण वीज जाण्याआधीच्या ५:१७ ते ६:१० च्या ओळीही तिथेच आहेत. पण प्रत्येक ओळीला अनुक्रमांक असतो आणि तो घड्याळ पाहत नाही. त्या क्रमाने लावल्यावर दोन उड्या दिसल्या: ६:१० नंतर ५:१७, आणि ८:३२ नंतर १०:४०. दुसऱ्या उडीत उत्तर होतं. घड्याळ २ तास ८ मिनिटं मागे होतं.

आधी डेटाबेसची प्रत काढली (हे विसरू नका, मी एकदा विसरलो आहे). मग फक्त दोन उड्यांमधल्या ओळींत २ तास ८ मिनिटं मिळवली. ५:५७ चे ८:०५ झाले. उंची ३६,००० फूट, दिशा दक्षिण.

आजीने चष्मा लावून रेघ पाहिली आणि विचारलं, "यात मामा कुठे बसलाय?"