आधी खुराडं वाढवा, मग कोंबड्या

प्रश्न : परसात आठ गावठी कोंबड्या होत्या. आठवडी बाजारात दोन-तीन तलंगा घेतल्याशिवाय पाय निघत नाही. आता बावीस झाल्यात. खुराडं 5 बाय 4 फुटांचंच आहे. आणखी दहा आणू का?
– एक वाचक, जि. सातारा

उत्तर : तुमची हौस कळते, पण आत्ता एकही आणू नका. रात्रीच्या मुक्कामाला एका कोंबडीला साधारण दीड ते दोन चौरस फूट जागा लागते. तुमच्या खुराड्यात दहा-बाराच नीट मावतात. उद्या पहाटे दार उघडताच वाकून वास घ्या. डोळे चुरचुरले तर विष्ठेतला अमोनिया साचलाय. अशा दाटीत कोंबड्या एकमेकींची पिसं उपटतात, आजारही झपाट्याने पसरतो.

बाजारातली टवटवीत तलंगसुद्धा राणीखेत, म्हणजे मानमोडी, घेऊन येऊ शकते. म्हणून नवा पक्षी किमान 3 आठवडे वेगळा ठेवा, त्याची भांडीही वेगळी ठेवा. लसीकरण पशुवैद्यकीय दवाखान्यात विचारून वेळेवर करा.

जादा नर आधी विका, खुराडं दुप्पट करा. मग खुडूक कोंबडीखाली दहा-बारा अंडी बसवा. 21 दिवसांनी घरचीच पिल्लं मिळतील. त्यांच्याबरोबर बाजारातला रोग तरी येणार नाही.